थ्री-नॉट-थ्रीची धाकटी बहीण

माझं आजोळ गोव्यातल्या उसगावचं. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्याची पॅरा मराठा पलटण उसगाववरून फोंड्याकडे गेली, तेव्हा आजी अंगणात भात वाळवत होती. तिला जवानांचे चेहरे आठवत नव्हते, रणगाडे तर तिनं पाहिलेच नव्हते. बंदुका मात्र तिनं नीट पाहिल्या होत्या. "लाकूड पार तोंडापर्यंत होतं रे, लोखंड दिसतच नव्हतं," असं ती सांगायची. पुढे कॉलेजात असताना एनसीसीच्या शिबिरात मी पहिल्यांदा थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ली-एनफिल्ड रायफल, हातात घेतली आणि आजीचं वर्णन किती नेमकं होतं ते कळलं. ली-एनफिल्डच्या त्या जुन्या नमुन्यात लाकूड खरोखरच नळीच्या तोंडापर्यंत जातं.

त्या दिवसापासून अशी एक रायफल आपली असावी, असं मनात होतं. मी आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड शिकवतो. हाताने फिरवायचं, हाताने बसवायचं यंत्र मला भुरळ घालतं, आणि बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल म्हणजे तसं यंत्र. बोल्ट म्हणजे नळी मागून बंद करणारा पोलादी दांडा. त्याची मूठ उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली दाबा. चार हालचाली आणि चारही डोळ्यांना दिसणाऱ्या.

परदेशातल्या संग्राहकांबद्दल वाचताना मन हरखून जायचं. सैन्याने मोडीत काढलेल्या रशियन मोसिन-नागां रायफली अमेरिकेत एकेकाळी ग्रीजमध्ये बुडवलेल्या, लाकडी पेटीतून, अगदी स्वस्तात मिळत. माणसं पेटी उघडून, ग्रीज पुसून त्यातली चांगली निवडत. आपल्याकडे असं काही होणार नाही हे मला ठाऊक होतं, पण नेमकं का होणार नाही हे कळायला दोन वर्षं गेली.

थ्री-नॉट-थ्री हे आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीचं प्रतिबंधित माप, आहे. सैन्याची आणि पोलिसांची काडतुसं ज्या शस्त्रात चालतात ते शस्त्र सामान्य नागरिकाला मिळत नाही. त्यासाठीचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, तो विषय थेट केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. हे धोरण इंग्रजांच्या काळापासूनचं आहे. सरकारी काडतूस चोरून आणलं तरी ते खाजगी बंदुकीत बसता कामा नये, हा त्यामागचा विचार. मग शिकाऱ्यांना, बागायतदारांना काय द्यायचं? त्यासाठी .३१५ बोअर पुढे आलं. याचं काडतूस मूळचं ऑस्ट्रियन, ८ मिलिमीटर मॅनलिकर जातीचं. आणि रायफल? ती बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात, थ्री-नॉट-थ्रीचाच सांगाडा आणि बोल्ट वापरून बनलेली. नळी वेगळी, मॅगझीन दहाऐवजी पाच काडतुसांचं, लाकूड अर्ध्यावर कापलेलं. पण बोल्ट मागेपुढे करताना हाताला जे जाणवतं ते तेच.

हे समजलं त्या दिवशी मी ठरवलं: मोठी बहीण मिळत नसेल तर धाकटी शोधायची. आणि जुनी शोधायची. एक तर नवीन घेण्याइतके पैसे नव्हते, आणि जुन्या ईशापुरी रायफलींचं लाकूड नि पॉलिश मला जास्त आवडतं.

परवान्यासाठी २०१८ मध्ये अर्ज केला. आमचं घर कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, वस्तीपासून दूर. जवळचा शेजारी हाक मारली तर ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर. ते कारण मी अर्जात खरंखरं लिहिलं. अर्जासोबत ओळखीचे कागद, डॉक्टरांचा शारीरिक नि मानसिक प्रकृतीचा दाखला, शस्त्र घरात कुठे नि कसं ठेवणार याचं हमीपत्र आणि शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र. प्रशिक्षण हा नियम २०१६ पासूनचा आहे आणि तो मला मनापासून पटतो. तिथल्या प्रशिक्षकांनी पहिले दोन तास आम्हाला एकही गोळी झाडू दिली नाही. मॅगझीन काढा, बोल्ट उघडा, डोळ्यांनी बघा, मग बोट घालून तपासा. दुसऱ्याच्या हातातून घेतलेली बंदूक, त्यानं तुमच्यासमोर तपासली असली तरी, तुम्ही पुन्हा तपासायची. आजही हात आपोआप तसे चालतात.

मग पोलीस चौकशी. शिपाई घरी आले, कपाट बघितलं, शेजाऱ्यांशी बोलले. त्यानंतर फाईल एका टेबलावर इतके महिने पडून राहिली की दर पंधरवड्याला जाऊन विचारणं हा माझा नेमच झाला. मी रागावलो नाही असं नाही. पण प्रत्येक खेपेला तारीख आणि कोणाशी बोललो ते वहीत लिहून ठेवलं, आणि ती वहीच शेवटी कामाला आली. फाईल एकदा "सापडत नाही" म्हणाले, तेव्हा कोणत्या दिवशी ती कोणत्या टेबलावर होती ते मी दाखवू शकलो. जानेवारी २०२० च्या शेवटी परवाना हातात पडला. त्याच आठवड्यात उत्तर प्रदेश पोलिसांनी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात थ्री-नॉट-थ्रीला निरोप दिल्याची बातमी आली होती. मी ती बातमी कापून परवान्याच्या फाईलमध्ये ठेवली आहे.

आता शोध. आपल्याकडे जुनी रायफल मिळण्याचे दोनच सरळ मार्ग. एक म्हणजे परवानाधारक दुकानदार. त्यांच्याकडे लोक शस्त्रं जमा करून ठेवतात. परवानाधारक वारला, मुलांना परवाना नको किंवा मिळत नाही, मग ती बंदूक वर्षानुवर्षं दुकानाच्या रॅकमध्ये उभी असते. दुसरा मार्ग म्हणजे हयात परवानाधारकाकडून थेट, कायद्याच्या रीतीने.

पहिल्या मार्गावर मी पोळलो. गोव्याबाहेरच्या एका दुकानात .३१५ होती, किंमत माझ्या आवाक्यातली. दुकानातल्या ट्यूबलाईटखाली ती काळीभोर, चकचकीत दिसत होती. मी पाच हजार इसार देऊन आलो. घरी आल्यावर मोबाईलवर काढलेले फोटो मोठे करून बघितले आणि पोटात गोळा आला. बोल्टवरचा नंबर एक, सांगाड्यावरचा दुसरा. बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा. या जातीच्या रायफलीत बोल्ट सांगाड्याला मापून बसवलेला असतो. बोल्ट बदलला की काडतुसाच्या मागची फट, म्हणजे हेडस्पेस, वाढलेली असू शकते, आणि ती मर्यादेबाहेर वाढली तर काडतुसाचं पितळ फाटून तप्त वायू नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो. शिवाय तो चकचकीतपणा पॉलिशचा नव्हता. ऑइलपेंट होता, खालचे गंजाचे खड्डे झाकायला मारलेला. मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "घेताना बघून घ्यायचं." इसार गेला. मी हे इथे लिहितो, कारण माझ्यासारखा हातात पैसा कमी आणि मनात ओढ जास्त असलेला माणूस नेमका असाच फसतो.

त्यानंतर मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि सगळंच थांबलं.

दुसरा मार्ग एका कायद्यानेच उघडला. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. आधी एका माणसाला तीन शस्त्रं ठेवता येत, ती मर्यादा दोनवर आली. ज्यांच्याकडे तिसरं होतं त्यांना ते एका वर्षात जमा करणं किंवा रीतसर दुसऱ्याकडे देणं भाग होतं. गोव्यातल्या जुन्या बागायतदारांकडे, खाणींवर नोकरी केलेल्यांकडे अशी तीन शस्त्रं असलेली काही घरं होती. वडिलांची बारा बोअर, एखादी पॉइंट टू-टू आणि एक .३१५. जून २०२० मध्ये माझ्या एका सहकाऱ्याने अशाच एका गृहस्थांचं नाव सुचवलं. खाणीवरून निवृत्त झालेले, सत्तरीच्या पुढचे. मी त्यांना काका म्हणतो, पुढेही तसंच लिहितो.

काकांच्या पडवीत मी पहिल्यांदा ती रायफल बघितली. त्यांनी ती आतून आणली, मॅगझीन काढलं, बोल्ट उघडून मला दाखवला आणि मगच हातात दिली. मी पुन्हा बोट घालून तपासलं. काका हसले नाहीत, नुसती मान हलवली. त्या मान हलवण्यातच माझं काम अर्धं झालं, असं मला वाटतं.

या वेळी मी घाई केली नाही. बोल्ट आणि सांगाडा, दोन्हीवर एकच नंबर. बोल्ट काढून नळी आकाशाकडे धरली, मागून पाहिलं. आटे, म्हणजे नळीच्या आतल्या पिळाच्या खाचा, तोंडापर्यंत स्पष्ट. मध्यावर एक बारीकशी काळसर जागा होती. काकांनी ती मी विचारायच्या आधीच सांगितली. तोंडाकडची कड बघितली. वर्षानुवर्षं तोंडाकडून गज घालून साफ केलेल्या नळीची कड एका बाजूला झिजते आणि नेम जातो. ही गोल होती. पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला एक बारीक चीर होती, तेल पिऊन काळी झालेली. मग बोल्ट परत बसवून पुढे ढकलला.

ली-एनफिल्डच्या जातीचा बोल्ट मॉझर या जर्मन रायफलीपेक्षा वेगळा वागतो. १८९८ च्या मॉझरमध्ये मुख्य स्प्रिंग बोल्ट उघडताना दाबली जाते. इथे ती बोल्ट बंद करताना, शेवटच्या टप्प्यात दाबली जाते. म्हणजे उघडताना हात हलका जातो आणि पुढे ढकलताना अखेरीला स्प्रिंग हाताला सामोरी येते. ज्यानं आयुष्यात एकदा थ्री-नॉट-थ्री चालवली आहे त्याचा तळहात हे विसरत नाही. काकांच्या पडवीत, बाहेर पाऊस कोसळत असताना, एनसीसीच्या शिबिरातली ती सकाळ माझ्या तळहातात परत आली. किंमत ४२ हजार ठरली. मी घासाघीस केली नाही. इसाराचे गेलेले धरले तर ४७ झाले.

पैसे दिले आणि रायफल घेऊन निघालो, असं होत नाही. परवानाधारकाला आपलं शस्त्र दुसऱ्या परवानाधारकाला विकायचं असेल तर आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. काकांनी जुलैच्या पहिल्या आठवड्यात पत्र दिलं. माझं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, रायफलीचा नंबर, सगळं त्यात. मी त्यांना एकच आग्रह केला: पत्राच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. ४५ दिवस त्या शिक्क्यापासून मोजले जातात. शिक्का नसेल तर मोजणार कशावरून?

त्या ४५ दिवसांत मी रविवारी त्यांच्याकडे जायचो, पडवीच्या दोन टोकांना खुर्च्या टाकून आम्ही मास्क लावून बसायचो. मी उतावीळ होतो. ते म्हणायचे, "घाय करी नाका. ती काय पळून जाता?" आणि मला शिकवायचे. माझी आयटीआयची पंचवीस वर्षं होती, तरी मला माहीत नसलेलं त्यांनी सांगितलं. उदाहरणार्थ, या जातीच्या रायफलीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारं मागचं लाकूड, काढायचा असेल तर आधी पुढचं लाकूड उतरवायचं. दस्त्याच्या आत तो जोडणारा एक लांब नट-बोल्टातला बोल्ट असतो, त्याचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड तसंच ठेवून मागून पाना फिरवला की ते टोक फिरतं आणि लाकूड चिरतं. कित्येक चांगल्या रायफली अशा पान्याच्या एका फेऱ्याने चिरल्या आहेत. त्यांच्या रायफलीवरची ती बारीक चीर अशीच, फार पूर्वी, एका मिस्त्रीच्या हातून पडलेली.

४५ दिवस गणेश चवथीच्या आदल्या आठवड्यात पुरे झाले. त्या वर्षी चवथ २२ ऑगस्टला होती. उत्सव आटोपल्यावर पुढचे कागद झाले: काकांच्या परवान्यावरून रायफलीची नोंद कमी, माझ्या परवान्यावर नोंद, शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतल्या माझ्या क्रमांकाखाली शस्त्राचा तपशील. सप्टेंबरच्या मध्यावर, भर पावसात, रायफल माझ्या घरी आली.

आणि आता खरं सांगायचं ते. गोव्यात रायफल विकत घेणं हे काम एकदाच होतं. तिला गंजापासून राखणं रोजचं.

काकांनी सोबत त्यांचं चामड्याचं देखणं कव्हर दिलं होतं. मी रायफल त्यात घालून कपाटात ठेवली. तीन आठवड्यांनी काढली तर सांगाड्याच्या डाव्या बाजूला तांबूस बुरशीसारखा थर. चामडं दमट हवा धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेले क्षार लोखंडाला लागतात. काका स्वतः ती कव्हरमध्ये कधीच ठेवत नसत, फक्त नेण्या-आणण्यापुरती वापरत, हे मला विचारल्यावर कळलं. मी तेल आणि अगदी बारीक पोलादी लोकरीने हलक्या हाताने तो थर काढला. तेव्हापासून रायफल कुलूपबंद लोखंडी कपाटात उघडी उभी असते, बोल्ट वेगळ्या कुलपात. कपाटाच्या तळाशी कमी वॉटचा जुन्या पद्धतीचा बल्ब पावसाळाभर जळतो. आतली हवा बाहेरच्यापेक्षा थोडी गरम राहिली की लोखंडावर पाणी धरत नाही. शेजारच्या एका आजोबांनी खोबरेल लावायला सांगितलं होतं. त्यांचं प्रेम मला कळतं, पण खोबरेल खवट होऊन चिकट होतं, ते या कामाला नको. लाकडाला मात्र जवसाचं तेल, चार थेंब तळहातावर घेऊन, ऊब येईपर्यंत चोळायचं.

दुसरी चूक जास्त गंभीर होती. २०२१ च्या जानेवारीत गोव्याबाहेरच्या एका रेंजवर रीतसर परवानगीने मी दहा गोळ्या झाडल्या. घरी येऊन नळीतून तेलाची चिंधी फिरवली आणि समाधानाने झोपलो. महिनाभरात नळी आतून तपकिरी. जुन्या पद्धतीच्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असतं. ते पेटलं की मागे क्षार उरतो, जवळपास मिठासारखा, आणि तो हवेतलं पाणी ओढून घेतो. क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. मी वरून तेल लावून मीठ आत कोंडलं होतं. माझ्याकडची काडतुसं त्याच जातीची असावीत. इंग्रजी फौजेत यासाठी खास नाळकं, म्हणजे नरसाळं, असायचं, त्याने नळीत उकळतं पाणी ओतत. आता मीही तेच करतो. बोल्ट काढून, नळीचं तोंड बादलीत, मागून नाळक्याने दोन लिटर उकळतं पाणी. पोलाद इतकं तापतं की उरलेलं पाणी आपोआप उडून जातं. मग कोरड्या चिंध्या, मग तेल. डाग पूर्ण गेले नाहीत. मधल्या त्या काळसर जागेजवळ आता आणखी दोन ठिपके आहेत, ते माझे.

आणि निवडणुका. आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. २०२२ च्या विधानसभेला माझी रायफल जानेवारीत गेली, निकालानंतर मार्चमध्ये परत आली. कोरडे महिने, निभावलं. २०२४ च्या लोकसभेला मात्र निकाल ४ जूनला लागला, म्हणजे पाऊस दारात. त्या वेळी मी नेण्याआधी नळीत आणि लोखंडावर जाड ग्रीज लावलं, वर मेणकागद गुंडाळला, पावतीवर नंबरासोबत "ग्रीज लावलेली, कागदात गुंडाळलेली" असं लिहून घेतलं. परत आली तेव्हा मेणकागद उघडताना मला त्या रशियन पेट्या आठवल्या. ग्रीज पुसायला अख्खी संध्याकाळ गेली, आतून ती स्वच्छ निघाली.

संग्रह म्हणाल तर कायद्याने दोनच शस्त्रं, आणि दुसरं घ्यायचं माझ्या मनात नाही. पण या रायफलीभोवती बारीकसारीक गोष्टी जमत गेल्या. मुंबईच्या चोरबाजारात दस्त्यात मावणारी पितळी तेलकुपी मिळाली, झाकणाला चमचा असलेली. सैन्यातले लोक ज्याला फुलथ्रू म्हणतात ती नळी साफ करायची वजन लावलेली दोरी, एका निवृत्त सुभेदारांनी दिली. खाकी विणलेला पट्टा एका भंगारवाल्याकडे. सगळं मिळून हजार-बाराशे रुपयांत. पोर्तुगीज फौजेची मॉझर-व्हर्गेइरो, १९०४ चा नमुना, निदान काचेआड तरी गोव्यात बघायला मिळावी अशी माझी इच्छा आहे. आपल्या रस्त्यांवरून दोन्ही बाजूंच्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफली चालल्या. त्यांतली एक तरी इथल्या मुलांनी जवळून पाहावी.

काका आता ऐंशीला टेकलेत. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, बाहेर फारसे पडत नाहीत. मृगाचा पहिला पाऊस पडला की त्यांचा फोन येतो. आधी पाऊस, मग सुपारीवरचा कोळेरोग, मग शेवटी तो प्रश्न: "लाकूड उतरवून खालची बाजू बघितली काय रे?" यंदा फोन आला तेव्हा मी पडवीतच होतो, पुढचं लाकूड उतरवून, नळीची खालची बाजू उजेडाकडे धरून. "बघतोच आहे," म्हटलं. "कशी आहे?" म्हणाले. मी बोट फिरवून पाहिलं आणि सांगितलं, "कोरडी."